हिनाकुरात पाच वाजलेच नाहीत

सोमवारी संध्याकाळी हिनाकुरा गावात पाच वाजलेच नाहीत. घड्याळात वाजले, पण गावात वाजले नाहीत.

नगर कार्यालयाच्या सामान्य विभागात त्या वेळी सगळी मंडळी आपापल्या टेबलाशी बसून होती. विभागप्रमुख उएमात्सु साहेबांनी पेनाला टोपण घातलं होतं, चष्मा डबीत ठेवला होता, आणि दोन्ही तळहात टेबलावर टेकून ते उठायच्या बेतात होते. रोजची रीत अशी की डोंगरापासून नदीपर्यंत उभ्या असलेल्या खांबांवरच्या भोंग्यांतून सांजेची धून वाजायची, साहेब उठायचे, "दमलात हं सगळे!" म्हणायचे, आणि मग बाकीचे उठायचे. धून नाही तर साहेब उठणार नाहीत, आणि साहेब उठले नाहीत तर कोण उठणार?

पाच होऊन गेले. साहेबांनी डबीतून चष्मा काढून पुन्हा घातला आणि सकाळी वाचलेला कागद परत वाचायला घेतला. ते बघून बाकीच्यांनीही फायली उघडल्या. बाहेर अंधारून आलं. कुणाच्या तरी पोटात मोठ्याने गुरगुरलं, तेव्हा सगळ्यांनी ते ऐकलंच नाही असं केलं.

"साहेब," शेवटी किनुयो होसोदा हळूच म्हणाली, "आज धून वाजली नाही बहुतेक."

"हो का?" साहेब इतक्या आनंदाने उठले की खुर्ची मागे आपटली. "मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. दमलात हं सगळे!"

किनुयो मात्र घरी गेली नाही. ती धून तिची होती. साठी उलटल्यावर ती रीतसर निवृत्त झाली होती, आणि कार्यालयाने तिला परत त्याच खुर्चीवर बोलावून घेतलं होतं, ते या धुनेसाठीच.

ही धून यायच्या आधी गावाला सांज कळायची ती रेशीम गिरणीच्या भोंग्याने. गिरणी बंद पडली तसा भोंगा गप्प झाला, आणि पोरं काळोख पडेपर्यंत नदीवर खेळत बसायला लागली. आया दारात उभ्या राहून हाका मारून घसा बसवून घ्यायच्या. तेव्हा नगराध्यक्षांनी नव्याने लागलेल्या वीस वर्षांच्या किनुयोला शाळेतल्या पायपेटीवर बसवलं आणि तिने वाजवलेली धून टेपवर घेतली. तिसऱ्या ओळीत तिचं बोट घसरलं होतं. पुन्हा वाजवते म्हणाली, तर नगराध्यक्ष म्हणाले, "टेप संपली." तेव्हापासून अख्खं हिनाकुरा ती धून तशीच, चुकीच्या सुरासकट गुणगुणतं. आमची पोरं शहरात शिकायला गेली की तिथले लोक चुकीचं गातात म्हणून वाद घालतात.

पुढे टेप झिजली. तेव्हा मुराकोशी नावाच्या गृहस्थांनी, जे आता निवृत्त होऊन मुळे पिकवतात, जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक आणून प्रसारणाच्या खोलीत ठेवला. त्यावर लिनक्स होतं. त्यात दोनच गोष्टी होत्या: धून वाजवणारी एक छोटी स्क्रिप्ट, आणि ती केव्हा वाजवायची हे सांगणारी वेळापत्रकाची एक फाइल. उन्हाळ्यात सहाला, ऑक्टोबर लागला की वेळ बदलून पाचला; तो सोमवार ऑक्टोबरचा पहिलाच दिवस होता. इतकी वर्षं त्या डब्याने कधी खाडा केला नव्हता.

किनुयोने बाहेरचे भोंगे बंद केले, खोलीतला छोटा स्पीकर लावला आणि स्क्रिप्ट स्वतःच्या हाताने चालवून पाहिली. धून छान वाजली, घसरलेल्या बोटासकट.

"सांगितलं की करतो, आपण होऊन काही करायचा नाही," ती संगणकाकडे बघत म्हणाली. "अगदी आमच्या ह्यांच्यासारखा."

मग रोज पाच वाजता हातानेच का लावली नाही, असं कुणीही विचारेल. तिनेही मंगळवारी सकाळी साहेबांना तेच विचारलं.

"हाताने?" उएमात्सु साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "हाताने प्रसारण म्हणजे आणीबाणी, होसोदासान. भूकंप, पूर, किंवा अस्वल. त्याला नगराध्यक्षांचा शिक्का लागतो, आणि ते शुक्रवारी परत येणार."

शुक्रवारी दुपारी समितीची बैठक होती, आणि बैठकीपुढे एकच विषय होता: सांजेची धून बंद करावी की नाही. तो विषय तरुण नगरसेवक कुसाकाबे यांनी आणला होता. माणूस वाईट नव्हता. खांब गंजलेत, भोंगे जुने झालेत, आता प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे, असं त्यांचं म्हणणं. मागच्या बैठकीत ते सहज बोलून गेले होते, "खरं सांगू? उद्या ती धून बंद पडली, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही."

आणि आता ती बंद पडली होती.

किनुयोने फोन जवळ ओढून घेतला. कुणीतरी विचारील, "काय हो, काल धून वाजली नाही?" एवढं जरी विचारलं तरी शुक्रवारी समितीपुढे सांगता येईल. पण मंगळवारी फोन आला तो एका हरवलेल्या मांजराचा, आणि एक चुकून लागलेला.

त्या संध्याकाळीही पाच वाजले नाहीत. या खेपेला साहेब पावणेसहालाच उठले, म्हणजे जरा सुधारणा होती.

यंत्र दुरुस्त करायला किनुयो कंबर कसून बसली. वेळापत्रकावरून चालणाऱ्या कामाला कोणती वस्तू कुठे आहे हे कळत नाही, सगळे पत्ते पूर्ण द्यावे लागतात, असं तिने कधीतरी शिबिरात ऐकलं होतं. तिने पत्ते पूर्ण दिले. आता जमलं की नाही ते बघायला दुसऱ्या दिवसाच्या पाचपर्यंत कोण थांबणार? म्हणून वेळापत्रकात चाचणीची एक ओळ घातली: दर मिनिटाला वाजव. अशा ओळीला वरच्यांचे शिक्के लागतात की नाही, हे तिने मुद्दामच कुणाला विचारलं नाही. मिनिट गेलं, दहा मिनिटं गेली. डबा ढिम्म.

बुधवारी तिने आणखी एक चाचणीची ओळ घातली, जरा वेगळ्या पद्धतीने. मग आणखी एक. मग तिला वाटलं, यंत्राला बाहेरचे भोंगे चालू करता येत नसतील, म्हणून गप्प असेल. तिने भोंग्यांचं मुख्य बटण चालू केलं आणि तसंच राहू दिलं. तरी काही नाही.

कुसाकाबे खाली डोकावले. "होसोदासान, ऐकलं मी. दोन दिवस बंद आहे म्हणे?"

"दुरुस्ती चालू आहे."

"फोन आले का कुणाचे?"

"आला ना," किनुयो म्हणाली, "मांजर सापडलं म्हणून."

कुसाकाबे हसले नाहीत. उलट इतक्या सहानुभूतीने मान हलवून गेले की तिला त्यापेक्षा टोमणा परवडला असता. तिने फोनकडे पाहिलं. चाळीसहून जास्त वर्षं आपण रोज एका गावाला घरी बोलावतो आहोत, असा तिचा समज होता. गाव आपलं आपलंच घरी जात होतं.

गुरुवारी ती सरळ मुराकोशींच्या शेतावर गेली. म्हातारबाबा बांधावर बसून मुळ्यांची माती धूत होते. तिने विचारलं, तर त्यांनी हातातला मुळा खाली ठेवला.

"काय म्हणालीस? परत सांग."

"धून वाजत नाहीये, मुराकोशीसान. सोमवारपासून."

"वाजत नाहीये? म्हणजे खरोखरच वाजत नाहीये?"

"खरोखरच."

म्हातारबाबांनी दोन्ही हात आभाळाकडे केले. "अगं किनुयो! म्हणजे माझे कान शाबूत आहेत!"

"म्हणजे?"

"सोमवारी धून ऐकू आली नाही. म्हटलं, झालं, गेले कान. मंगळवारीही नाही. बायकोला कसं सांगायचं? मग काल गुपचूप गेलो घाटाखालच्या कानाच्या डॉक्टरांकडे. तर तिथे बसायला जागा नाही! अर्धं गाव तिथे! तांदूळवाला, सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण, देवळातले बुवा. सगळे मासिकं तोंडापुढे धरून बसलेले. कुणी कुणाला ओळख दाखवेना."

"अहो, मग एकाने तरी आम्हाला फोन करायचा!"

"फोन करून काय सांगायचं? मी बहिरा झालो, असं? तुमच्या कार्यालयाची चूक असेल, असं कोणाच्या डोक्यात येणार? इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही. डॉक्टर तर चक्रावून गेले. म्हणाले, सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत, पण एकालाही पटत नाही!"

किनुयो बांधावर बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लवकर थांबेना. म्हाताऱ्याने तिच्या हातात एक धुतलेला मुळा दिला, दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून.

"उद्या समितीपुढे हेच सांगते," ती डोळे पुसत म्हणाली. "कानाचा दवाखाना भरला होता. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?"

"ए, नाही हं!" म्हातारबाबा घाबरले. "तिथे कोण कोण होतं, हे बाहेर गेलं तर तांदूळवाला माझ्याशी जन्मभर बोलणार नाही. आणि माझी बायको! तिला मी मुळे विकायला गेलो असं सांगितलंय. वचन दे."

वचन द्यावं लागलं. म्हणजे पुरावा हातात होता आणि तोंड बांधलेलं. त्या बदल्यात शुक्रवारी येऊन यंत्र बघायचं म्हाताऱ्याने कबूल केलं.

शुक्रवारी जेवणानंतर मुराकोशी आले, तेव्हा उएमात्सु साहेबही प्रसारणाच्या खोलीत येऊन अदबीने उभे राहिले. म्हाताऱ्याने वेळापत्रकाला हातच लावला नाही. आधी यंत्राची नोंदवही उघडली. "यंत्र तोंडाने बोलत नाही, पण कुरकुर तिथे लिहून ठेवतं." आणि खरंच, सोमवारपासून यंत्र दर खेपेला एकच गाऱ्हाणं लिहीत होतं: फाइलमधली एक ओळ कळत नाही, म्हणून अख्खी फाइलच बाजूला ठेवली आहे.

"कोणती ओळ?" किनुयोने डोळे बारीक केले. "चांगली दिसतेय की. उलट पूर्वीपेक्षा नीटनेटकी दिसतेय."

"तेच तर," मुराकोशी म्हणाले. "सहाचे पाच कुणी केले?"

"मी," उएमात्सु साहेब म्हणाले. "सगळ्या गावाची वेळ बदलायची म्हणजे जबाबदारीचं काम. दुसऱ्यावर कसं टाकणार? आणि फार वेडंवाकडं लिहिलेलं होतं. आकडे एकाखाली एक येत नव्हते. मी अंतर सारखं केलं. मग छापून तिघांचे शिक्के घेतले."

म्हाताऱ्याने किनुयोकडे पाहिलं, किनुयोने म्हाताऱ्याकडे. आमच्याकडे टंकताना दोन तऱ्हेच्या रिकाम्या जागा पडतात. इंग्रजी अक्षरांबरोबरची अरुंद, आणि आमच्या जपानी अक्षरांबरोबरची ऐसपैस, एका अख्ख्या अक्षराएवढी. सरकारी कागदावर ऐसपैस जागा शोभून दिसते. पण यंत्राला जागा म्हणून अरुंदच तेवढी कळते. ऐसपैस जागा म्हणजे त्याला कुठलंसं अनोळखी अक्षर वाटतं. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. तीन माणसांनी त्या काही नसलेल्यावर शिक्के मारले होते.

हे साहेबांना सांगायचं कसं? किनुयोने जरा विचार केला.

"साहेब, तुमची मांडणी फार सुबक आहे. यंत्राला ती पेलवत नाही, एवढंच."

साहेबांना कळायचं ते कळलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला, आणि ते यंत्रापुढे कमरेत वाकले. "मीच दुरुस्त करतो. मला करू द्या. होसोदासान, तुम्ही वर जा, बैठक सुरू झाली असेल."

वर सभागृहात पडदे लावून अंधार केला होता, कारण कुसाकाबे भिंतीवर आलेख दाखवत होते. दारात सगळ्यांचे बूट ओळीने मांडलेले, आणि आत सगळे सपाता घालून बसलेले. किनुयो मागे जाऊन उभी राहिली.

"... आणि योगायोगाने या आठवड्यात प्रत्यक्ष प्रयोगच झाला," कुसाकाबे सांगत होते. "चार संध्याकाळी धून वाजली नाही. एकही तक्रार नाही. मला वाईट वाटतं, पण सत्य हेच आहे की ही धून आता कुणी ऐकत नाही. होसोदासान, फोन आले का?"

"नाही," किनुयो म्हणाली.

"कुणी येऊन विचारलं?"

तिच्या डोळ्यांपुढे मासिकाआड लपलेला तांदूळवाला आला, बुवा आले. पण वचन दिलेलं होतं. "इथे येऊन... कुणी नाही."

समितीच्या अध्यक्षांनी उसासा टाकला. "मग मत घेऊ या. ज्यांचं म्हणणं आहे की धून बंद करावी..."

तेवढ्यात खाली उएमात्सु साहेबांनी शेवटची ऐसपैस जागा पुसली आणि फाइल साठवली. यंत्राला फाइल कळली, पुरती कळली. साहेबांनी लिहिलेली पाचची ओळ कळलीच, पण किनुयोने मंगळवारपासून घातलेल्या, ती स्वतः विसरून गेलेल्या, दर मिनिटाच्या तिन्ही ओळीही कळल्या. बाहेरचे भोंगे चालूच होते.

पुढच्याच मिनिटाला डोंगरापासून नदीपर्यंत धून वाजायला लागली.

सभागृहात अध्यक्षांनी कागद गोळा केले. "बरं मग, आजचं इथेच थांबवू." कुणी पेन खिशात घातलं, कुणी आळस दिला. "दमलात हं!" "तुम्हीही दमलात!" खुर्च्या मागे सरकल्या. किनुयोनेही नकळत हातातली फाइल मिटून काखेत मारली. घसरलेल्या बोटाचा सूर गेला, धून संपली आणि लगेच पुन्हा सुरू झाली, या खेपेला एकीच्या शेपटावर दुसरी आणि दुसरीच्या शेपटावर तिसरी.

"अरे," खिडकीचा पडदा सरकवून एक सभासद म्हणाले, "ऊन आहे की अजून!"

बाहेर चढावरून शाळेची पोरं दप्तरं नाचवत घरी पळत होती आणि मागून मास्तर हात हलवत धावत होते. न्हाणीघराच्या मालकिणीने संध्याकाळ झाली म्हणून न्हाणीघर उघडल्याच्या खुणेचा पडदा दारावर टांगला होता. तांदूळवाल्याने दुकानाची फळी निम्मी लावली होती आणि तो रस्त्याच्या मध्यावर उभा राहून, मान मागे टाकून, दोन्ही कानांवर आळीपाळीने हात ठेवून बघत होता, आणि हसत होता.

खाली वेगळाच गोंधळ चालला होता. "ओळी काढा, साहेब!" मुराकोशी ओरडत होते.

"कशा काढू? या ओळी मी घातलेल्या नाहीत! काढायच्या तर छापून शिक्के..."

म्हाताऱ्याने भिंतीतली वायरच उपटली.

एकदम शांत झालं. त्या शांततेत सभागृहातल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दाराशी कुसाकाबे होते. अंगात कोट, काखेत बॅग, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात. आलेख त्यांच्यामागे भिंतीवर अजून झळकत होता.

असल्या वेळी काही न बोलण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

"मी उठलो नाही," कुसाकाबे शेवटी म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "पाय उठले."

"पायांचं मत कोणत्या बाजूला धरायचं?" अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं.

कुसाकाबेंनी आपल्या बुटाकडे पाहिलं. मग त्यांनी सपातवाला पाय हळूच मागे घेतला, किनुयोकडे बघून मान लववली आणि म्हणाले, "ठराव मी परत घेतो. लहानपणी मी नदीवर असायचो रोज."

सोमवारी संध्याकाळी, बरोबर पाच वाजता, चाचणीच्या ओळी काढून टाकलेल्या यंत्राने आपण होऊन धून वाजवली. उएमात्सु साहेब उठले, सगळे उठले. किनुयो कोट घालत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"नगर कार्यालय? मी कुसाकाबेची आई बोलतेय. ती सांजेची धून आहे ना, त्याबद्दल तक्रार आहे."

किनुयो खाली बसली. गेला आठवडाभर ती ज्या फोनची वाट बघत होती, तो हा. "सांगा ना, काकू. काय झालं?"

"अगं, केवढ्याने वाजवता! घरातली भांडी हादरली. संध्याकाळचं काही ऐकू येईना, म्हटलं कान गेले, म्हणून मुलाने गेल्या गुरुवारी माझ्या कानाला यंत्र बसवून आणलंय, चांगलं भारीतलं. एवढा खर्च केला पोराने, आता काढून ठेवलं तर त्याला वाईट वाटेल. तेव्हा तुमचंच जरा कमी करा."

"लिहून घेते, काकू," किनुयो म्हणाली. "तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि सावकाश सांगा, मला काही घाई नाही."